अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट (पीए, म्हणजे डॉक्टरांसोबत काम करत रुग्ण तपासणारे, उपचार करणारे) कोर्सला अर्ज करतेय. पर्सनल स्टेटमेंटमध्ये (अर्जासोबतच्या निबंधात) नेमकं काय लिहू?

‘मला पीएच का व्हायचंय?’ या एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा. बाकी मजकूर त्याच्या आधारापुरताच ठेवा. कॅस्पाच्या (CASPA, पीए कोर्सेसची केंद्रीय अर्ज-सेवा) सामाईक अर्जात विचारलेलंही तेच असतं आणि जागा स्पेस धरून फक्त 5000 अक्षरांची, म्हणजे जेमतेम दीड पान. गुण, नोकऱ्या, रुग्णसेवेचे तास अर्जात इतरत्र येतातच, त्यांची उजळणी नको. मी अर्जदारांचे मसुदे वाचून देते. त्यांतले बहुतेक ‘लोकांची सेवा करायची आहे’ इथेच अडकलेले असतात. स्वतःच तपासा: ‘पीए’ काढून ‘नर्स’ किंवा ‘डॉक्टर’ घातलं तरी निबंध तसाच चालतोय का? चालत असेल तर पुन्हा लिहा.

कामी येतं ते हे:
- तुम्ही स्वतः हाताळलेला एखादा रुग्ण: तुम्ही काय केलंत, काय उमगलं (नाव, ओळख अजिबात नको)
- पीएला काम करताना जवळून पाहिलंत तेव्हा काय दिसलं: डॉक्टरांसोबतचं टीमवर्क, किंवा नवी रेसिडेन्सी (स्पेशालिटीचं प्रशिक्षण) न करता स्पेशालिटी बदलण्याची मोकळीक

रुग्णानुभवावर हा भर पहिल्यापासून आहे. 1965 साली ड्यूक विद्यापीठात पहिला कोर्स सुरू झाला तो नौदलातल्या अनुभवी वैद्यकीय सहायकांना घेऊनच.

मात्र हाच निबंध कॅस्पातून तुम्ही निवडलेल्या सगळ्या कॉलेजांना जातो, त्यामुळे त्यात एकाच कॉलेजचं नाव घेऊ नका. ‘आमचंच कॉलेज का’ हे काही ठिकाणी वेगळ्या निबंधात विचारतात, ते तिथे लिहा.