दोन फुटी समुद्री टँकसाठी प्रवाळांचा एलईडी दिवा घरी बनवता येईल का?

येतो. माझ्या टँकवर चार वर्षं घरी केलेलाच दिवा आहे. तुम्ही म्हणता टँक दोन फुटी, दीड फूट खोल, सोल्डरिंग येतं, तयार दिवे झेपत नाहीत, मग शंभर वॅटचा फ्लडलाइट आणून टांगला तर? त्या फ्लडलाइटचा नाद सोडा. मी तोच करून बसलो होतो. दीड महिन्यात काचेवर आणि दगडांवर शेवाळाची गोधडी पसरली, प्रवाळ मात्र जिथल्या तिथे.

प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं आणि प्रकाशावर अन्न तयार करून यजमानालाही देतं. समुद्राच्या पाण्यात लाल रंग वरच्या काही मीटरांतच विरतो, खोलवर पोचतो तो मुख्यतः निळा. त्यामुळे या शैवालाला साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा, म्हणजे दुकानात ज्याला रॉयल ब्लू म्हणतात तो, चांगला मानवतो. पांढऱ्या एलईडीतही चिप निळीच असते, वर पिवळसर लेप असतो. पण तो लेप बराचसा निळा खाऊन टाकतो.

माझी जुळणी सांगतो. तीन वॅटचे २४ एलईडी, प्रत्येकी १२ च्या दोन माळा. एक माळ पूर्ण रॉयल ब्लू. दुसरीत सहा पांढरे, चार ४७० चे निळे आणि दोन ४२० चे जांभळे. एका एलईडीला सव्वातीन-साडेतीन व्होल्ट लागतात, म्हणजे १२ ची माळ ४० व्होल्टच्या आसपास जाते. त्यासाठी ४८ व्होल्टचा १०० वॅटचा एसएमपीएस (घरच्या विजेचं डीसी करून देणारा डबा) आणि प्रत्येक माळेला स्वतंत्र ७०० मिलीअँपिअरचा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे माळेतला करंट कायम तेवढाच ठेवणारा तुकडा. मी मीन वेल कंपनीचे एलडीडी-७००एच वापरले. पैसे वाचवायला एकाच ड्रायव्हरवर दोन माळा समांतर जोडू नका. जी माळ जरा जास्त तापते ती जास्त करंट ओढते, मग आणखी तापते. एक दिवस ती जाते आणि सगळा करंट दुसरीच्या बोकांडी बसतो. बाकी सामान पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. मला सगळं मिळून आठ हजारांच्या आसपास पडलं, त्यात वाया घालवलेले तीन एलईडी धरून.

ते तीन कसे गेले तेही सांगतो. दोन सोल्डर करताना. एलईडीच्या षटकोनी पट्ट्या मी आधी हीटसिंकवर चिकटवल्या आणि मग वायर जोडायला गेलो. अॅल्युमिनिअम सगळी उष्णता पिऊन टाकतं, सोल्डर वितळेना, म्हणून टोक दाबून धरत बसलो आणि वरची भिंग पिवळी पडली. आधी टेबलावर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांवर सोल्डरचा थेंब चढवून घ्या, मग थर्मल पेस्ट लावून स्क्रूने बसवा. नंतर मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक हीटसिंकला आणि दुसरं प्रत्येक पट्टीच्या सोल्डरला लावा. एकदाही बीप वाजता कामा नये. तिसरा गेला तो घाईने. ड्रायव्हर चालू असताना निसटलेली वायर परत टेकवली. माळ तुटलेली असली की ड्रायव्हरच्या तोंडाशी व्होल्टेज पूर्ण चढून बसलेलं असतं, टेकवल्या क्षणी ते आत घुसतं. आधी स्विच बंद, मग हात.

हीटसिंकवर कंजुसी नको. मी दीड फुटाचा, उभी पाती असलेला तुकडा घेतला. वर दोन १२ व्होल्टचे पंखे, त्यांना जुन्या राउटरचा अॅडॉप्टर. दिवा पाण्यापासून नऊ इंच वर आणि मध्ये अॅक्रिलिकची शीट, नाहीतर खाऱ्या तुषारांनी सोल्डर हिरवं पडतं. वायर बोर्डाकडे नेण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळ तिथूनच गळेल. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, दिवा नंतर.

आता माझी खरी चूक. उजेड कमी-जास्त करायला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, लावला होता (त्याचा ग्राउंड आणि एसएमपीएसचा मायनस एकत्र करावा लागतो, एलईडीचा मायनस मात्र त्यात मिसळायचा नाही). या ड्रायव्हरची गंमत अशी की डिमिंगच्या (उजेड कमी-जास्त करायच्या) पिनला काहीच जोडलेलं नसेल तर तो दिवा पूर्ण पेटवतो. गणपतीला चार दिवस कोकणात गेलो आणि इकडे जंपर वायर सैल झाली. चार दिवस, रात्रंदिवस, शंभर टक्के. आलो तेव्हा लेदर कोरल मुठीएवढा आक्रसलेला, झोआ मिटलेल्या आणि फिक्या (दोन्ही मऊ प्रवाळ). जास्त उजेडात प्रवाळ ते शैवालच बाहेर टाकतो, म्हणून रंग जातो. रंग परत यायला दोन महिने लागले. तेव्हापासून जंपर काढून वायर सोल्डर केल्या आणि एसएमपीएसच्या आधी साधा प्लग टायमर लावला. आर्डुइनो झोपला तरी रात्री अंधार होतोच.

तुम्हाला इतका उजेड लागणारही नाही. जास्त उजेड मागतात ते दगडी प्रवाळ, आणि ते आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणला पाण्यात उतरलात तर तुटलेला तुकडासुद्धा उचलू नका. घरच्या टँकसाठी मशरूम, झोआ, लेदर असे मऊ प्रवाळ बघा आणि विकणाऱ्याकडून पक्कं बिल मागा. त्यांना मध्यम उजेड पुरतो, दीड फूट खोलीला एलईडीवर उजेड एकवटणारी लेन्सही नको. पहिला आठवडा दोन्ही माळा २० टक्क्यांवर, दिवसाला सहा तास. मग दर आठवड्याला उजेड पाच-पाच टक्के वाढवा आणि वेळ हळूहळू आठ तासांपर्यंत न्या. माझा दिवा आज निळा ५५ आणि पांढरा ३० वर आहे. त्यापुढे न्यायची गरज अजून पडलेली नाही.