रीडचा पत्ता आणि त्या पत्त्याची खात्री

जनुकीय तपासण्यांविषयी या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच टप्प्याभोवती फिरत आहेत, असे लक्षात आले. सिक्वेन्सिंग यंत्रातून डीएनएचे बारीक तुकडे वाचून निघतात, त्यांना 'रीड' म्हणतात. प्रत्येक रीड संदर्भ जीनोमवर (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या संपूर्ण डीएनए-क्रमावर) नेमकी कुठली आहे हे एक सॉफ्टवेअर ठरवते, त्याला 'मॅपर' किंवा 'अलाइनर' म्हणतात. अहवालात या टप्प्याचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकलेला असतो, परंतु पुढचा प्रत्येक निष्कर्ष त्याच्यावर उभा असतो. म्हणून या वेळी पाचही उत्तरे याच विषयाची दिली आहेत.

प्रश्न : मी नागपूरला जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. एका माणसाच्या जीनोमच्या कोट्यवधी रीड काही तासांत जागेवर बसतात, असे वर्गात सांगितले. हे मला गणिताने पटत नाही. प्रत्येक रीड पूर्ण जीनोमशी ताडून पाहायची तर इतका वेग येतो कुठून?

उत्तर : गणिताने पटत नाही हे अगदी योग्य आहे, कारण प्रत्येक रीड पूर्ण जीनोमशी ताडली जातच नाही. आधी हिशेब करून पाहू. मानवी जीनोम सुमारे ३१० कोटी अक्षरांचा आहे. प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जावी असे ठरवले आणि एक रीड १५० अक्षरांची धरली, तर सुमारे ६२ कोटी रीड होतात. दोन क्रमांची अक्षराला अक्षर लावून तुलना करण्याची स्मिथ-वॉटरमन ही रीत १९८१ पासून उपलब्ध आहे आणि ती अचूक आहे, परंतु तिला १५० गुणिले ३१० कोटी इतक्या चौकटी भराव्या लागतात. सेकंदाला १०० कोटी चौकटी भरणाऱ्या संगणकालाही एका रीडमागे पावणेआठ मिनिटे लागतील, आणि सगळ्या रीड एकामागून एक घेतल्या तर नऊ हजारांहून अधिक वर्षे जातील.

यातून वाट निघाली ती फाइल लहान करण्याच्या एका युक्तीतून. मायकेल बरोज आणि डेव्हिड व्हीलर यांनी १९९४ मध्ये मजकुराची अक्षरे विशिष्ट पद्धतीने फिरवून मांडण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे २००० मध्ये पाओलो फेराजिना आणि जोव्हानी मान्झिनी यांनी दाखवून दिले की याच मांडणीत शब्दही अतिशय वेगाने शोधता येतो. ही रीत कागदावर करून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही, म्हणून एक छोटे उदाहरण करू.

आपला 'जीनोम' आहे जी-ए-टी-ए-सी-ए. प्रत्येक अक्षरापासून शेवटपर्यंतचा भाग घ्या आणि हे सहा भाग शब्दकोशाप्रमाणे ए, सी, जी, टी या क्रमाने लावा. क्रम असा येतो : ए, ए-सी-ए, ए-टी-ए-सी-ए, सी-ए, जी-ए-टी-ए-सी-ए, टी-ए-सी-ए. आता मूळ मजकुरात प्रत्येक भागाच्या लगेच आधी कोणते अक्षर होते ते शेजारी लिहा. पहिल्या तीन ओळींपुढे सी, टी, जी येतील, चौथीपुढे ए येईल, पाचवीआधी काहीच नाही आणि सहावीपुढे पुन्हा ए येईल. समजा, आपल्याला ए-सी-ए शोधायचे आहे. शोध शेवटच्या अक्षरापासून सुरू करायचा. 'ए'ने सुरू होणाऱ्या ओळी तीन आहेत, आणि त्यांपैकी एकीच्याच आधी 'सी' आहे, म्हणजे सी-ए एकाच ठिकाणी आहे. त्या ओळीच्या आधी 'ए' आहे, म्हणजे ए-सी-ए सापडले. सी-सी-ए शोधत असतो, तर सी-ए या ओळीआधी 'सी' नाही हे तिथल्या तिथे कळले असते आणि शोध थांबला असता. जीनोम सहा अक्षरांचा असो वा ३१० कोटींचा, तीन अक्षरांचा शब्द तीन पावलांत शोधून होतो. मला या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

ही सूची, म्हणजेच इंडेक्स, एकदाच तयार करून ठेवायची असते आणि मानवी जीनोमची सूचीही काही गिगाबाइटमध्ये मावते. २००९ मध्ये बेन लँगमेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 'बोटाय' आणि हेंग ली व रिचर्ड डर्बिन यांचे 'बीडब्ल्यूए' ही दोन्ही सॉफ्टवेअर याच पायावर उभी राहिली. रीडमध्ये यंत्राच्या चुकाही असतात आणि माणसामाणसांतील खरे फरकही असतात, त्यामुळे संपूर्ण रीड जशीच्या तशी सापडेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून आजचे मॅपर आधी रीडचा तंतोतंत जुळणारा लहान भाग, म्हणजे 'सीड', सूचीतून शोधतात आणि सीड जिथे सापडले तेवढ्याच परिसरात स्मिथ-वॉटरमनची सावकाश, अचूक तुलना करतात.

प्रश्न : मॅपिंगनंतर मिळणाऱ्या, रीड आणि त्यांचे पत्ते साठवणाऱ्या बॅम फाइलमध्ये प्रत्येक रीडपुढे ६०, २७, ० असे आकडे दिसतात. आमच्या प्रयोगशाळेत '२०च्या खालचे टाकून द्या' एवढेच सांगतात. हा आकडा नेमका काय सांगतो?

उत्तर : तो पाचव्या रकान्यातील आकडा म्हणजे 'मॅपिंग क्वालिटी'. रीड किती चांगली जुळली, असे तो सांगतो हा समज सर्वत्र पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मॅपरने दिलेला पत्ता चुकीचा असण्याची शक्यता किती, हे तो आकडा सांगतो. १० म्हणजे दहांत एक, २० म्हणजे शंभरांत एक, ३० म्हणजे हजारांत एक. रीडचे १५०च्या १५० अक्षर जुळूनही हा आकडा ० असू शकतो.

टपाल खात्यातील माणसाला हे पटकन समजेल. पत्रावर नुसते 'वडगाव' लिहिले आहे. अक्षर सुवाच्य आहे, शुद्धलेखन बिनचूक आहे, तरीही पत्र कुठे टाकायचे हे कळत नाही, कारण वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे आणि आणखी कितीतरी वडगावे आहेत. मानवी जीनोममध्ये 'आलू' नावाचा सुमारे ३०० अक्षरांचा क्रम दहा लाखांहून अधिक ठिकाणी थोड्याफार फरकाने आलेला आहे, आणि अशा निरनिराळ्या पुनरावृत्तींनी जवळजवळ अर्धा जीनोम व्यापलेला आहे. एखादी रीड दोन किंवा अधिक जागी सारखीच जुळली, तर मॅपर त्यांतील एक जागा यदृच्छेने निवडतो आणि पुढे ० लिहितो. त्या शून्याचा अर्थ 'वडगाव, तालुका माहीत नाही' असा घ्यायचा. रीड जोडीने वाचल्या असतील, तर जोडीतली दुसरी रीड पुष्कळदा तालुका सांगून जाते, कारण दोघींमधील अंतर साधारण ठाऊक असते. जोडीने वाचण्याचा खर्च त्यासाठीच सोसायचा असतो.

२० ही मर्यादा डोळे मिटून सगळीकडे लावू नका. बीडब्ल्यूए-मेम जास्तीत जास्त ६० देते आणि बोटाय २ नेहमीच्या पद्धतीत ४२च्या वर जात नाही. स्टार हे आरएनएसाठीचे सॉफ्टवेअर तर एकाच जागी बसलेल्या रीडला २५५ देते, आणि सॅम या फाइलप्रकाराच्या (बॅम हे त्याचेच संक्षिप्त रूप) नियमावलीत २५५चा अर्थ 'आकडा उपलब्ध नाही' असा आहे. सॉफ्टवेअर बदलले की मोजपट्टी बदलते.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ आहे. एका मुलाच्या डोळ्यातील भिंग सरकले आहे, रक्तातील होमोसिस्टीन आणि मेथिओनिन दोन्ही वाढलेली आहेत. रोगाचे चित्र होमोसिस्टिन्युरियाचे, म्हणजे रक्तात होमोसिस्टीन साठवणाऱ्या आनुवंशिक विकाराचे आहे. परंतु एक्झोम तपासणीत (जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग वाचणाऱ्या तपासणीत) ज्याच्या दोषाने हा विकार होतो त्या सीबीएस जनुकात दोष आढळला नाही, असा अहवाल आला. रक्ततपासणी खरी मानू की जनुकीय अहवाल?

उत्तर : डॉक्टर, आपण अहवालावर थांबला नाहीत हे फार बरे झाले. रक्तातील दोन्ही घटकांची वाढ हा प्रत्यक्ष पुरावा आहे, आणि 'दोष आढळला नाही' या वाक्यात 'तेथे नीट पाहता आले' हे गृहीत धरलेले असते. नेमक्या या जनुकाच्या बाबतीत ते गृहीत धरणे धोक्याचे आहे.

पुष्कळ प्रयोगशाळा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला जीआरसीएच ३८ हा संदर्भ जीनोम वापरतात. तो आधीच्या ३७पेक्षा अनेक बाबतींत सरस आहे, परंतु त्यात एक चूक राहून गेली. २१व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर काही भाग दुसऱ्यांदा जोडला गेला, आणि त्यामुळे सीबीएस जनुकाची खऱ्या माणसांत नसलेली जादा प्रत संदर्भात आली. नकाशा छापणाऱ्याने एकच गाव दोन ठिकाणी दाखवावे, तसे हे झाले. मुलाच्या सीबीएसमधून आलेली प्रत्येक रीड दोन्ही ठिकाणी सारखीच जुळते, मॅपर प्रामाणिकपणे ० लिहितो, आणि बदल शोधणारे सॉफ्टवेअर ती रीड बाजूला टाकते. उदाहरणार्थ, जीएटीके या सॉफ्टवेअर-संचातील बदल शोधणाऱ्या हॅप्लोटाइपकॉलरमध्ये ही मर्यादा मुळातच २० ठेवलेली आहे. शेवटी दोष असलेल्या आणि दोष नसलेल्या मुलाचा अहवाल सारखाच कोरा निघतो. याच कारणाने रक्ताच्या काही कर्करोगांत महत्त्वाचे असलेले यू२एएफ१ या जनुकातील बदलही ३८ वापरताना निसटल्याचे नोंदवले गेले आहे.

प्रयोगशाळेला दोन प्रश्न लेखी विचारा. संदर्भ फाइलमधील २१व्या गुणसूत्रावरच्या खोट्या जादा प्रती झाकलेल्या होत्या का? आणि सीबीएसच्या प्रत्येक एक्सॉनवर (जनुकातील प्रथिन घडवणाऱ्या तुकड्यावर) मॅपिंग क्वालिटी २० किंवा अधिक असलेल्या रीड किती होत्या? नुसती 'सरासरी खोली १०० पट' (म्हणजे प्रत्येक जागा सरासरी १०० वेळा वाचली) असे उत्तर स्वीकारू नका, कारण ती सरासरी संपूर्ण एक्झोमची असते आणि या एका जनुकाविषयी काहीच सांगत नाही. अमेरिकेतील जीनोम इन अ बॉटल या गटाने सीबीएस, सीआरवायएए आणि केसीएनई१ या जनुकांवरील ही अडचण दाखवून जादा प्रती झाकलेली संदर्भ फाइल उपलब्ध केली आहे. मूळ रीड जपलेल्या असतील, तर त्याच रीड त्या फाइलवर पुन्हा मॅप करता येतात आणि मुलाचे रक्त पुन्हा घ्यावे लागत नाही. उपचार मात्र त्यासाठी थांबवू नयेत.

एक भेद लक्षात ठेवावा. स्नायू क्षीण करणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीशी संबंधित एसएमएन१ आणि एसएमएन२ ही जोडीही मॅपरला अशीच गोंधळात टाकते, परंतु ती दोन्ही जनुके खरी आहेत. तेथे एक झाकून चालत नाही. सातव्या एक्सॉनमधील एका अक्षराच्या फरकावरून प्रती मोजणारी स्वतंत्र चाचणीच करावी लागते.

प्रश्न : बीडब्ल्यूए, बोटाय, मिनिमॅप यांपैकी सर्वांत चांगले कोणते?

उत्तर : आपल्याकडच्या रीड कोणत्या आहेत त्यावर हे ठरते. इल्युमिना कंपनीच्या यंत्रांतून निघणाऱ्या आखूड डीएनए रीडसाठी बीडब्ल्यूए-मेम घ्यावे, किंवा त्याचेच उत्तर अधिक वेगाने देणारे बीडब्ल्यूए-मेम २ घ्यावे. हे दुसरे २०१९ मध्ये आले आणि त्याचे बरेचसे काम इंटेलच्या बेंगळुरू येथील प्रयोगशाळेत झाले आहे. हजारो अक्षरांच्या नॅनोपोर किंवा पॅकबायो यंत्रांच्या रीडसाठी हेंग ली यांचेच मिनिमॅप २ घ्यावे. आरएनएच्या रीड मधले इंट्रॉन (जनुकातील, आरएनएतून कापून टाकलेले भाग) ओलांडून जातात, त्यामुळे तिथे स्टार किंवा हायसॅट २ लागते.

प्रश्न : संदर्भ जीनोम कोणा एका परदेशी माणसाचा आहे असे वाचले. मग आपल्या लोकांच्या रीड त्यावर बसवणे कितपत बरोबर आहे?

उत्तर : तो एका माणसाचा नाही, परंतु आपण समजता त्यापासून फार दूरही नाही. अनेक दात्यांच्या डीएनएची तुकडेजोड असली, तरी सुमारे ७० टक्के क्रम न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात नमुना दिलेल्या एकाच अनामिक दात्याचा आहे. माणसामाणसांतील जीनोम इतका सारखा असतो की बहुतेक रीड बिनतक्रार बसतात. अडचण येते ती जिथे आपल्याकडे सर्रास आढळणारा मोठा बदल संदर्भात नसतो तिथे.

एमवायबीपीसी३ या हृदयस्नायूच्या जनुकाचे उदाहरण घेऊ. त्यातील २५ अक्षरांची गळती, म्हणजे तेवढी अक्षरे नसणे, दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळते आणि तिचा हृदयस्नायूच्या आजाराशी संबंध आहे, हे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. बीडब्ल्यूए-मेमच्या गुणांकनात जुळलेल्या अक्षराला १ गुण मिळतो, खंड पडला की ६ गुण जातात आणि खंडातील प्रत्येक अक्षरामागे आणखी १ जातो. म्हणजे या गळतीची किंमत ३१ गुण झाली. रीडचे टोक न जुळवता सोडून देण्याची किंमत फक्त ५ आहे. त्यामुळे गळतीच्या पलीकडे रीडची २६ अक्षरेसुद्धा उरली नसतील, तर मॅपरला टोक सोडून देणेच परवडते आणि त्या रीडमध्ये गळतीची नोंद राहत नाही. गळती रीडच्या मध्याजवळ आली तरच ती स्पष्ट दिसते. बदल बहुधा सापडतो, परंतु त्याच्या बाजूने बोलणाऱ्या रीड प्रत्यक्षापेक्षा कमी मोजल्या जातात.

यावरील उपाय आकार घेत आहे. मे २०२३ मध्ये ४७ व्यक्तींच्या जीनोमचा एकत्रित 'पॅनजीनोम' मसुदा प्रसिद्ध झाला. तो सरळ रेषेऐवजी फाटे फुटणाऱ्या जाळ्यासारखा मांडलेला आहे, आणि त्यावर रीड बसवणारे जिराफ नावाचे मॅपर २०२१ पासून उपलब्ध आहे. अशा जाळ्यात २५ अक्षरांची गळती हा एक स्वतंत्र फाटा असतो, आणि त्या फाट्याने गेलेल्या रीडला एकही गुण गमवावा लागत नाही. जीनोमइंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून झाले आहेत आणि त्यांची माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेली आहे. आपल्याकडचे असे फाटे कोणते, हे तिच्यातून काढता येईल. तोवर हृदयस्नायूच्या आजाराची तपासणी करून घेणाऱ्या कुटुंबांनी प्रयोगशाळेला या गळतीविषयी नाव घेऊन विचारावे, आणि त्या जागी टोक सोडलेल्या रीड कोणी डोळ्यांनी पाहिल्या का, हेही विचारावे.