वडिलांच्या पायाची शुगरची जखम चार महिने भरत नाही. विषाणू सोडून किंवा स्टेम सेलच्या इंजेक्शनने ती बरी होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. आण्णांना पंधरा वर्षांपासून शुगर. कापूस वेचणीच्या दिवसांत उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी जखम झाली. चार महिन्यांत तीन वेगवेगळी अँटिबायोटिक झाली. पू थांबतो आणि पंधरवड्याने परत येतो. भाच्याने मोबाइलवर 'जंतू खाणाऱ्या विषाणूं'चा व्हिडिओ दाखवला. एका क्लिनिकने 'स्टेम सेलने, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींनी, नवं मांस येतं' म्हणून दोन इंजेक्शनांचे दोन लाख सांगितले. तुम्ही विचारताय, यातलं खरं काय?

मी डॉक्टर नाही. लातूरला एका लॅबमध्ये बारा वर्षं पुवाची कल्चर लावतो, म्हणजे पुवातले जंतू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाने मरतात हे बघतो. जंतूंच्या बाजूचं त्या अनुभवावरून सांगतो आणि पायाच्या बाजूचं आमच्या घरात जे झालं त्यावरून. आधीच सांगून टाकतो: विषाणूंचं खरं आहे, दोन लाखांचं नाही, आणि आण्णांचा पाय वाचणं ज्यावर आहे ती गोष्ट या दोन्हींत नाही.

हे विषाणू म्हणजे बॅक्टेरिओफाज. बोलताना नुसतं फाज. माणसाच्या पेशींना ते बाधत नाहीत, त्यांचं गिऱ्हाईक फक्त जिवाणू, आणि तेही ठरावीक. नांदेडला एमएस्सी करताना मी ते पहिल्यांदा पाहिले, म्हणजे त्यांनी केलेली नासाडी पाहिली. नाला गोदावरीला मिळतो तिथून बाटलीभर पाणी आणलं होतं. बसमध्ये शेजारी कोणी बसेना. गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी अशा बारीक गाळणीतून काढलं की जिवाणू वर अडकावेत आणि विषाणू खाली उतरावेत. त्यातले चार थेंब आणि ई-कोलाय जिवाणू पातळ अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, कालवून बशीत ओतले, ३७ अंशांवर रात्रभर ठेवले. सकाळी बशीभर जिवाणूंची दाट साय धरली होती आणि त्या सायीत गोल, स्वच्छ ठिपके. हरभऱ्याला मर लागली की रानात मधे मधे टिक्के पडतात ना, अगदी तसे. एकेक ठिपका म्हणजे एका विषाणूपासून सुरू झालेली कत्तल. जिवाणूला चिकटायचं, आपलं डीएनए आत सोडायचं, त्याच्याच सामानावर आपल्या प्रती तयार करायच्या आणि त्याला फोडून बाहेर पडायचं. त्याच पाण्याची दुसरी बशी स्टॅफिलोकॉकस जिवाणूंवर लावली होती. तिच्यावर एकही ठिपका नव्हता.

ही दुसरी बशी लक्षात ठेवा, सगळी अडचण तिच्यात आहे. अँटिबायोटिक म्हणजे तणनाशक, एका फवाऱ्यात दहा प्रकारचं तण जाळतं. फाज म्हणजे कुलपाची किल्ली. आण्णांच्या पायात नेमका कोणता जिवाणू, त्याची कोणती जात, हे शोधून तिला लागणारा फाज साठ्यातून काढावा लागतो, आणि तो साठा आधी कोणीतरी जमवलेला असावा लागतो.

व्हिडिओत हे नवीन संशोधन म्हणून दाखवलं असेल. नवीन अजिबात नाही, आणि सुरुवात आपल्याकडचीच आहे. १८९६ साली अर्नेस्ट हँकिन हे आग्र्याला काम करत होते. त्यांनी नोंदवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू मरतात आणि तेच पाणी उकळलं की हा गुण जातो. १९१५ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये पॅरिसला फेलिक्स देरेल यांनी हे जिवाणूभक्षक पकडले. देरेल १९२७ मध्ये पटकीवर फाज वापरून बघायला भारतात येऊन गेले. मग पेनिसिलिन आलं, ते एकाच बाटलीतून सगळ्यांना चालायचं, आणि किल्ल्या शोधत बसायला कोणाला वेळ उरला नाही. जॉर्जिया देशातल्या तिबिलिसी शहरात मात्र ते काम चालू राहिलं. (गंगेचं वाचून कोणी गोदावरीचं पाणी जखमेवर ओतू नका. त्यात फाज आहेत तसे ते ज्यांच्यावर जगतात ते जंतूही आहेत.)

आता अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू वाढले तसं जग परत फाजकडे वळलं. २०१६ मध्ये सॅन दिएगोला टॉम पॅटरसन हे प्राध्यापक कोमात होते, कोणतंही अँटिबायोटिक लागत नव्हतं, ते फाजवर वाचले. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ, त्यांनीच धावपळ करून फाज मिळवले. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीची केस प्रसिद्ध झाली. तिला दिलेल्या तीन फाजपैकी एक दक्षिण आफ्रिकेत डर्बनला सडक्या वांग्याच्या बुडाला सापडलेला होता. आपल्याकडे बांधावर सडकी वांगी काय कमी आहेत? खाली वाकून बघणारा माणूस पाहिजे. बनारस हिंदू विद्यापीठात गोपाळ नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, न भरणाऱ्या जखमांवर फाज वापरून पाहिले आहेत, आणि निकाल आशा वाटावी असे आहेत. पण रुग्ण मोजके होते.

दुसरी बाजू व्हिडिओवाले सांगत नाहीत. २०१५ ते २०१७ दरम्यान फ्रान्स आणि बेल्जियममध्ये भाजलेल्या २७ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, एका बाजूला फाज आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचं चांदीचं मलम. मलमच लवकर जिंकलं. नंतर कळलं की बाटलीत ठेवल्या ठेवल्या फाजची संख्या घसरली होती, म्हणजे रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी कमी डोस गेला. फाज नापास झाला की बाटली, हा वाद करता येईल. पण औषध म्हणजे फक्त शोध नसतो, साठवण आणि मोजमापही असतं. आपल्याकडे आजच्या घडीला फाज मेडिकलच्या काउंटरवर मिळत नाही. कोणी तुम्हाला कुरिअरने पाठवतो म्हणाला तर फोन ठेवून द्या.

आता मामांचं सांगतो.

मामा केज तालुक्यातले, शुगर अशीच जुनी. कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा नेम. एका वर्षी परत आल्यावर अंगठ्याखाली कुरूपासारखं काहीतरी दिसायला लागलं. मामींनी टोकलं तर म्हणाले, "दुखतच नाई तर दवाखाना कामून?" शुगरने पायाच्या नसा मेल्या की नेमकं हेच होतं. तुमच्या-माझ्या टाचेत काटा मोडला तर आपण लंगडतो, म्हणजे त्या जागेवरचा भार आपोआप काढतो. मामा लंगडले नाहीत. त्याच जागेवर दिवसाला हजारो पावलं पडत राहिली. कुरूपाखाली मांस आतल्या आत फुटलं.

त्यांचा पू माझ्याच टेबलावर आला. बशी हिरवट झाली होती आणि झाकण उघडल्यावर तो ओळखीचा गोडसर वास. स्यूडोमोनास नावाचा चिवट जिवाणू. मी रिपोर्टमध्ये चालणारी तीन औषधं लिहिली, दवाखान्याने त्यातलं बरोबर औषध दिलं. तरी दीड महिन्याने अंगठा काढावा लागला. मला ते फार लागलं. माझा रिपोर्ट चूक नव्हता, औषध चूक नव्हतं, मग काय चुकलं? ड्रेसिंग करून मामा बाहेर यायचे, चपलेत पाय घालायचे आणि मोटरसायकलला किक मारून रानात जायचे, त्याच पायाने. दोन महिन्यांत एकाही माणसाने त्यांची चप्पल उलटी करून बघितली नाही. मीही नाही. अंगठा गेल्यावर एक दिवस ओसरीवर ती चप्पल दिसली. आतल्या बाजूला, बरोबर जखमेखाली, रुपयाएवढा खड्डा पडला होता आणि त्यात वाळलेलं पाणी.

वेल्लोरला १९४६ मध्ये आलेले सर्जन पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांबाबत हेच दाखवून दिलं होतं. मांस कुजत नाही, वेदना गेल्यामुळे माणूस स्वतःच पाय झिजवतो. पायाला नीट बसणारं प्लास्टर घालून भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटून दिला की जखम भरायला लागते. पुढे अमेरिकेत त्यांनी तेच शुगरच्या पायांना लावलं. मामांना वर्षभराने करंगळीखाली दुसरी जखम झाली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रक्तपुरवठा तपासला आणि मग असं प्लास्टर घातलं. दर आठवड्याला बदलायचे. सातव्या आठवड्यात जखम मिटली. फाज नाही, स्टेम सेल नाही.

शुगरची जखम अडते ती साधारण तीन जागी: भार, रक्त आणि जंतू. जंतूंचं बिऱ्हाडही साधं नसतं. ते स्वतःभोवती चिकट थर बनवून आत बसतात, तिथे औषध धड पोचत नाही. म्हणून मेलेलं मांस खरवडून काढणं हा उपचाराचा भाग असतो, 'डॉक्टरने जखम अजून मोठी केली' असा गैरसमज करून घेऊ नका. बरी होणारी जखम आधी सुजते, सफाई होते, मग लाल दाणेदार मांस धरतं, मग कातडी सरकत येते. शुगरच्या जखमेत पहिलंच काम संपत नाही. नांगरट चालूच, पेरणीचा पत्ता नाही. फाज फार तर जंतूंची बाजू सांभाळेल. वर आण्णांचं सत्तर किलो वजन तसंच पडत राहिलं तर बिचारा विषाणू काय करील?

स्टेम सेलचं मात्र सरळ. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण, तेही ठरावीक आजारांसाठी, एवढंच मान्य उपचारांत येतं. बाकी सगळं फक्त मंजुरी घेतलेल्या चाचणीत. चाचणीला नोंदणी क्रमांक असतो आणि तिच्यात रुग्णाने पैसे भरायचे नसतात. क्लिनिकला फोन करून तो क्रमांक मागा. माझा अंदाज, साहेब मीटिंगमध्ये असतील.

मांस-कातडी नव्याने घडवण्याचं खरं काम जगात चालू आहे, आणि गंमत म्हणजे तिथेही विषाणूच राबतो. २०१५ मध्ये जर्मनीत सात वर्षांच्या एका मुलाची जन्मजात आजाराने बहुतेक कातडी गेली होती. इटलीच्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या कातडीच्या पेशी घेतल्या, निकामी जनुकाची चांगली प्रत विषाणूच्या पाठीवर बसवून आत पोचवली, प्रयोगशाळेत कातडी वाढवली आणि त्याच्या अंगाच्या जवळपास ८० टक्के भागावर लावली. २०२३ मध्ये अमेरिकेत अशाच एका कातडीच्या आजारासाठी जखमेवर लावायचं जेल मंजूर झालं, त्यात हर्पिसचा विषाणू, रोग करण्याची ताकद काढून, जनुकाचा हमाल म्हणून वापरलाय. मला हे वाचताना अजून अंगावर काटा येतो. पण त्या मुलाला एक जनुक कमी होतं. आण्णांना कमी पडतंय ते वेगळंच.

तेव्हा असं करा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्या, अंबाजोगाईला न्या, जवळ जे मोठं रुग्णालय असेल तिथे, पण शुगरचे पाय बघणाऱ्या सर्जनकडे. पायाचं रक्त तपासून घ्या. घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून बघतात, डॉपलर म्हणजे रक्त कसं वाहतं याची तपासणी करतात. जखमेत निर्जंतुक सळई घालून हाड लागतं का हे बघायला सांगा. हाड टणक लागलं तर आत हाडाला जंतू लागल्याची शंका, आणि तुमचा पू परत परत का येतो याचं ते कारण असू शकतं. कल्चर वरवर कापूस फिरवून देऊ नका. खरवडल्यावर आतला मांसाचा तुकडा पाठवा. वरच्या कापसावर आमच्याकडे अर्धं गाव उगवतं, आम्ही त्यातलं खरं कोणतं हे ओळखणार कसं? आणि पू नाही, सूज नाही, अशा दिवसांत नुसत्या उघड्या जखमेसाठी अँटिबायोटिक मागत बसू नका. भार काढल्यावर चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली पाहिजे. नाही आली तर डॉक्टरांना बेत बदलायला सांगा. ताप, वर चढणारी लाली, काळं पडणं, सडका वास यातलं काही दिसलं तर मात्र सोमवारची वाट बघू नका, त्याच रात्री निघा.

आणि जाताना आण्णांची रोजची, रानातली चप्पल पिशवीत घालून न्या. दवाखान्यात जायचं म्हणून ते नवी घालून निघतील.