भेकाच्या फुफ्फुसातले कृमी: सुरुवात करताना

भेकाच्या, म्हणजे खडबडीत कातडीच्या बेडकाच्या (टोड), फुफ्फुसातल्या कृमींचा अभ्यास करायचा, हा विषय छान निवडलास! जिवंत भेक मात्र मारू नकोस. पावसाळ्यात गाडीखाली मेलेले ताजे भेक सापडतात, तेवढे पुरेत. वनविभागाची परवानगी आधी घे आणि हातमोजे घाल.

पहिल्यांदा फुफ्फुसं उघड. प्रौढ ऱ्हॅब्डियास, म्हणजे एक गोलकृमी, तिथेच राहतो. तो रक्त पितो, त्यामुळे अंगातून काळपट रेघ आरपार दिसते. एकदा पाहिलास की विसरणार नाहीस.

नवखे हमखास इथे चुकतात:

- नळाच्या पाण्यात कृमी फुगून फुटतात. ०.६ टक्के मिठाचं पाणी घे.
- थंड अल्कोहोलमध्ये ते वेटोळं करतात. ७० टक्के अल्कोहोल गरम करून ओत, म्हणजे सरळ राहतील. पण ज्योतीवर अजिबात नको! बाटली गरम पाण्यात ठेव.
- फुफ्फुस आणि आतडं एकाच बशीत ठेवतात. वेगवेगळ्या बशा घे.

प्रजातीच्या नावाची घाई नको. अवयव, ठिकाण, तारीख लिहिलेली चिठ्ठी बाटलीत टाक, पेन्सिलीनेच लिहिलेली.