श्वासाला त्याचे काम करू दे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मोबाईलवर तुझ्या घशाच्या तपासणीची चित्रफीत दाखवलीस आणि बसलेल्या आवाजात विचारलेस, "बाई, माझा आवाज मुळातच वाईट आहे का?" मी तेव्हा उत्तर टाळले, कारण मला राग आला होता, तुझा नव्हे, तर चाळीस वर्षांपूर्वी स्वतःला हाच प्रश्न विचारत बसलेल्या माझा.

त्या चित्रफितीत दोन पांढऱ्या पट्ट्या लाटेसारख्या संथ उघडत-मिटत होत्या आणि त्या हलवायला तुला फार जोर लावावा लागतो, असे तू म्हणालीस. ती संथ गती खरी नव्हे. लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे ती तशी भासते. पेटीवरच्या काळी चारमध्ये तू षड्ज, म्हणजे 'सा', लावतेस तेव्हा त्या पट्ट्या एका सेकंदात सुमारे 208 वेळा उघडतात आणि मिटतात, तारषड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, त्याच्या दुप्पट. इतक्या वेगाने इच्छेनुसार हलेल असा एकही स्नायू आपल्या शरीरात नाही. या पट्ट्या म्हणजेच स्वरयंत्राचे पडदे. ते तू हलवत नाहीस, श्वास हलवतो. तुझ्याकडे काम आहे ते त्यांना जवळ आणण्याचे आणि हव्या तेवढ्या ताणावर धरण्याचे.

लहान मूल ओठ मिटून फुर्रर्र करत गाडी चालवते, ते आठव. ते ओठ एकेकदा उघडून मिटत नाही. सैल मिटलेल्या ओठांवर फक्त हवा सोडते. स्वरयंत्रातही तसेच घडते. मिटलेल्या पडद्यांखाली श्वासनळीतल्या हवेचा दाब वाढतो, त्यांची खालची कड आधी सुटते, मग वरची, आणि हवेची एक झुळूक निसटते. तेवढ्यात पडद्यांचा लवचिकपणा आणि फटीतून वेगाने जाणाऱ्या हवेचा उतरलेला दाब मिळून त्यांना पुन्हा जवळ आणतात. झुळूक दर वेळी झटक्याने तुटते म्हणून नाद उमटतो. पुढे घसा, जीभ आणि ओठ त्यातूनच आकार किंवा ईकार घडवतात. स्वर चढवताना पडदे लांबतात, पातळ होतात आणि ताणले जातात. या साऱ्यात गळा आवळण्याला कुठेच जागा नाही.

आपल्या 'स्वरतंतू' या शब्दानेही बरेच नुकसान केले आहे. 1741 मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान फेरँ यांनी मृतांच्या स्वरयंत्रांतून हवा फुंकून आवाज काढला आणि त्या पट्ट्यांना तारांची उपमा दिली. तेव्हापासून सगळे तारा समजून त्या खेचत बसले आहेत. प्रत्यक्षात त्या तारा नसून स्नायूवर सैल बसलेल्या ओलसर, मऊ अस्तराच्या घड्या आहेत. फेरँ यांचा प्रयोग मात्र माझ्या बाजूने उभा आहे: देहात इच्छा उरलेली नाही, स्नायूंत जोर नाही, तरी हवा मिळाली आणि स्वर उमटला. प्रत्येक कंपनाला मज्जातंतूचा वेगळा हुकूम लागतो, असे 1950 मध्ये राऊल ह्यूसाँ यांनी मांडून पाहिले. ते टिकले नाही. श्वासच पडदे हलवतो, हे मी तुला शंभर वेळा सांगेन.

गळ्यावर जोर देऊ नये, हे मला कोणी सांगितले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पण मी शिकवत होते त्या शाळेत एका वर्गात साठ मुले होती, ध्वनिक्षेपक नव्हता आणि स्नेहसंमेलन तोंडावर आले होते. डॉक्टरांनी तीन आठवडे मौन पाळायला सांगितले. मी कुजबुजत शिकवत राहिले आणि त्यालाच मौन समजले. कुजबुजतानाही घसा आवळलेलाच राहतो, हे मला फार उशिरा कळले. पडद्यांच्या मध्यावर, जिथे ते सर्वांत जोरात आपटतात, तिथे दोन्हीकडे गाठी धरल्या. आज मध्य सप्तकातल्या पंचमाच्या वर माझ्या स्वरात हवा मिसळते. मी थांबायला हवे होते. पण मुलांचे गाणे बसवायला दुसरे कोणी नव्हते आणि बिनपगारी रजा मला परवडणारी नव्हती. मी हौसेने हट्ट केला नाही, एवढे तरी तू समजून घे.

तुझी परिस्थिती माझ्यासारखी नाही, म्हणून मी ऐकून घेणार नाही. परीक्षा पुढच्या सत्रात दे. घसा खाकरू नकोस. त्यात पडदे एकमेकांवर आदळतात. ज्येष्ठमध चघळायचे तर चघळ, पण गिळलेले काहीही पडद्यांवरून जात नाही, ते अन्ननलिकेत उतरते. पडद्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर पाणी पिण्याने आणि थोडाफार वाफेने. "पोटातून आवाज काढ" असे तुला सांगितले गेले आणि तू पोट आत ढकलत बसलीस. पोटातून आवाज निघत नाही. पोटाचे स्नायू श्वास किती सावकाश सोडायचा तेवढे पाहतात. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाल्यावर कुमार गंधर्व गायले, ते उरलेल्या श्वासाच्या मापाने गायले. गळ्यावर जबरदस्ती करून त्यांनी ती उणीव भरून काढली नाही. आणि तू दोन धडधाकट फुफ्फुसे घेऊन गळा आवळतेस!

वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जा. अशा गाठी पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय, नीट सराव केल्याने ओसरतात. त्यांनी परवानगी दिली की पेलाभर पाण्यात नळी बुडवून ऊकार धर. बुडबुडे एकसारखे येत राहिले पाहिजेत. अडखळले की तू पुन्हा ढकलायला लागलीस असे समज. नळीतून उलटून येणारा हवेचा दाब पडद्यांना जरा विलग ठेवतो, त्यामुळे ते हलके भिडतात.

पुढच्या रविवारी ये. तंबोरा मी लावून ठेवते. गायचे नाही, तू फक्त नळी आणि पेला घेऊन बसायचे आणि मी बुडबुडे ऐकणार.

तुझी,
बाई