आधी आकार बघा, रंग नंतर

फोटो पाठवून तुम्ही विचारलंत, ही निळसर काच घ्यावी का? हा हेमिंग्रे कंपनीचा '४२' नंबरचा इन्सुलेटर, म्हणजे खांबावर तार बसवायचा काचेचा नग; संग्राहकांच्या यादीत सीडी १५४. अमेरिकेतल्या टेलिफोनच्या खांबांवर याच नगांची गर्दी होती, तेव्हा जास्त पैसे मोजू नका.

संग्राहक वुडवर्ड यांनी लावलेला हा सीडी (कन्सॉलिडेटेड डिझाइन) नंबर फक्त आकारावरून ठरतो. कंपनी, रंग, अक्षरं यांचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे नग एकाच नंबरात बसतात.

आता नग उलटा करून आत बोट फिरवा. आटे लागतात ना? लुई कोव्हे यांचं आट्यांचं पेटंट २५ जुलै १८६५ चं. आत गुळगुळीत लागला, तर नग बहुधा त्याआधीचा. मग मात्र विक्रेत्यासमोर चेहरा कोरा ठेवा!

खालच्या कडेला दाणे असतील तर ते पावसाचं पाणी गळून जावं म्हणून. सोबत कधीकधी '२ मे १८९३' दिसेल. ती पेटंटची तारीख, नग ओतल्याची नव्हे. इथे बरेच जण फसतात.

आणि गडद जांभळ्यापासून सावध. मँगनीज असलेली काच उन्हात हळूहळू जांभळट होते खरी, पण किरणांचा मारा करून तीच भडक करूनही विकतात. असला एक माझ्या कपाटात मागे तोंड लपवून बसलाय.