फ्लिपिंग, भाडं की जमीन? आधी तुझ्याकडे काय आहे ते बघ

तू लिहिलंयस की वय २३, नोकरीला वर्ष झालं, थोडी बचत आहे आणि रिअल इस्टेटमध्ये उतरायचंय, पण कोणी म्हणतं भाड्याने दे, कोणी म्हणतं फ्लिपिंग कर, कोणी म्हणतं जमीन घेऊन ठेव, मग सगळंच थोडं थोडं करून बघू का? नको. एकच काहीतरी धर, आणि कुठलं ते नफ्याच्या आकड्यावरून नाही तर तुझ्याकडे काय आहे त्यावरून ठरव.

तुझ्याकडे पैसा कमी आणि अनुभव नाही, पण हातात वर्षं भरपूर आहेत आणि पगार दरमहा येतोय. फ्लिपिंगला नेमकं उलटं लागतं. जुनं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, पटकन विकायचं, म्हणजे सगळी भिस्त दुरुस्तीच्या अंदाजावर, आणि भिंत फोडल्यावर आत सडलेला पाइप निघाला की खर्च वाढतो, काम लांबतं, तेवढे दिवस व्याज चालूच आणि विकताना दलाली नि टॅक्स वेगळा. विश्वासातला कॉन्ट्रॅक्टर नसेल तर सध्या त्या वाटेला जाऊच नकोस. मोकळ्या जमिनीचं म्हणशील तर ती दरमहा काही देत नाही, हप्ता मात्र दरमहा जातो.

मला विचारशील तर भाड्याने देण्यासाठी घर विकत घे, आणि स्वतःही त्यात राहा. एक खोली तुझी, बाकीच्या भाड्याने. हप्त्याला हातभार लागतो आणि करार, भाडेकरू, दुरुस्ती हे सगळं राहत्या घरातच शिकायला मिळतं. प्रायव्हसी जाते हे खरंय, पण तुझ्या वयात ते झेपतं.

घेण्याआधी मात्र कागदावर हिशोब कर, आणि भाडं बाराने नाही, अकराने गुण, कारण भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतंच. त्यातून मेंटेनन्स, टॅक्स, विमा, दुरुस्ती वजा कर, मग वर्षाचे हप्ते. आता कर्जाचं बघ. घराची किंमत १०० धर, त्यात २० तुझे, ८० बँकेचे. भाव १० टक्के पडला तरी बँकेचे ८० तसेच राहतात, तुझ्या २० चे १० होतात, म्हणजे निम्मे गेले! भाव चढला की हेच उलटं होतं आणि लोक तेवढंच सांगत फिरतात. शिवाय ९ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज घेतलंस तर पहिल्या हप्त्यातल्या दर १०० मधले साधारण ८३ नुसत्या व्याजात जातात, त्यामुळे दोन वर्षांत विकून मोकळा होईन असं डोक्यात असेल तर घेऊच नकोस.

डाउन पेमेंट जमेपर्यंत रीट (REIT) बघ, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणारी संस्था. हा प्रकार अमेरिकेत १९६० च्या कायद्याने सुरू झाला, आता बऱ्याच देशांत आहे, शेअरसारखे युनिट घेता येतात आणि भाड्याच्या उत्पन्नातला वाटा मिळतो. युनिटचा भाव खाली-वर होतो हे धरून चाल.

आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय कुठेही सही करू नकोस. आवडलेल्या एखाद्या घराचा वरचा हिशोब मांडून मला पाठव, महिन्याला किती उरतात किंवा खिशातून किती घालावे लागतात ते बघून पुढचं बोलू.